डायबेटिस म्हणे आळशी लोकांचं दुखणं!

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तीनच वाक्यांचा. डायबेटिस हे खाऊनपिऊन सुखी, आळशी लोकांचं दुखणं. आनुवंशिक असेल तर इलाज नाही, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावलं की झालं. आणि पेशंट वाढलेले नाहीतच, निदानाचा आकडा खाली आणून वाढवलेत. मला हा चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांना स्वतःला शुगर आहे, म्हणून लिहायला बसलो.

शेवटचं आधी घेतो कारण त्यात अर्धं खरं आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डायबेटिस असोसिएशनने उपाशीपोटीच्या शुगरची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली, त्यामुळे बरेच लोक एकदम यादीत आले हे मान्य. पण त्यानंतर १२६ चं १२६ च आहे, तरी इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या अंदाजाने २००० मध्ये जगभरात १५ कोटी असलेला आकडा २०२४ मध्ये ५८.९ कोटी झाला. म्हणजे साधारण ९ प्रौढांमागे १. आता यात मोजणी सुधारली, माणसं जास्त जगायला लागली हेही आलं. टाकीत नळ तेवढाच सोडला आणि खालची तोटी बारीक केली तरी पाणी चढणारच ना, तसंच उपचारांमुळे पेशंट जास्त वर्षं जगले तरी एकूण संख्या वाढते. पण मेसेजवाल्याला टाकीशी काय देणंघेणं.

श्रीमंतांचा आजार? या ५८.९ कोटींतले ८१ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. जगातली बहुतेक माणसंच तिथे राहतात हे खरं, पण मग श्रीमंतांचा कसा काय? शिवाय देश गरीब असतो तेव्हा आधी पैसेवाल्यांत वाढतो, देश सुधारला की उलटतो, आणि श्रीमंत देशांत तर गरीब आणि कमी शिकलेल्यांतच जास्त सापडतो.

आता तोंडाला कुलूप. अमेरिकेत १९९४ ते १९९८ मध्ये पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांत, सरकारी घरांत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये अक्षरशः सोडत काढली, काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर घ्यायला भाड्याचं व्हाउचर, काहींना काहीच नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्यातल्या बायकांचं रक्त तपासलं. काहीच न मिळालेल्यांत २० टक्क्यांच्या आसपास डायबेटिस, व्हाउचरवाल्यांत १६ टक्क्यांच्या आसपास, आणि तेही व्हाउचर मिळालेल्यांपैकी निम्म्याच प्रत्यक्ष तिकडे राहायला गेल्या असताना! योजना घराची होती हो, डाएटची नाही. सोडतीत चिठ्ठी निघाली म्हणून कोणाचा मनोनिग्रह वाढतो का?

आनुवंशिकतेचं म्हणाल तर पिमा या तिकडच्या मूळनिवासी लोकांचं उदाहरण बघा, एकाच मुळाचे, काही अ‍ॅरिझोनात, काही मेक्सिकोच्या डोंगरात. २००६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात डायबेटिस अ‍ॅरिझोनात ३८ टक्के आणि मेक्सिकोत ७ च्या आसपास. जीन्सचा हात आहेच, पण जीन्स जवळपास तेच असून एवढा फरक पडतो म्हणजे बाकीचं काम भोवतालचं जगणं करतंय, अंगमेहनत, काय मिळतं, काय परवडतं, झोप किती होते. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणाऱ्याला "लवकर जेवा, लवकर झोपा" सांगून बघा एकदा. आणि टाइप १ वाल्या लहान मुलांचं तर विचारूच नका, त्यांच्या शरीरानेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात, त्यांनी कसला आळस केला?

मेसेज पाठवणाऱ्या त्या दोघांतला एक जण माझ्याच ऑफिसात आहे. जेवायच्या आधी बाथरूमचं दार लावून इन्सुलिन टोचून घेतो, पेन रुमालात गुंडाळून परत आणतो, कोणी विचारलं तर हात धुवायला गेलो होतो म्हणतो.