पद्मिनीत बकेट सीट: ‘चार भोकं पाडा, वॉशर लावा, झालं’ हे खरं नाही

पद्मिनी, अँबॅसिडर आणि त्या पिढीतल्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असतो, तेव्हा पुढची सलग सीट काढा, भंगार बाजारातून कुठल्याही नव्या गाडीच्या बकेट सीट (एकेका माणसासाठीच्या सुट्या, कडा उंचावलेल्या सीट) आणा, प्रत्येक सीटसाठी फ्लोअरला चार भोकं पाडा, खालून मोठे वॉशर लावून बोल्ट आवळा. वेल्डिंग नको, काम दोन तासांचं, आणि बदल फक्त नट-बोल्टचा असल्यामुळे आरटीओचा संबंधच येत नाही.

बकेट सीटला आमचा विरोध नाही. पाठीला आधार मिळतो, घाटात अंग इकडेतिकडे सरकत नाही, आणि शेवटशेवटच्या पद्मिनींत तर कंपनीनेच फ्लोअर गिअरबरोबर त्या दिल्या होत्या. आक्षेप बसवण्याच्या पद्धतीला आहे. या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यातली दोन-तीन जिवावर बेतणारी आहेत.

पहिलं वाक्य घ्या: ‘जुना पत्रा जाड असतो.’ बॉनेटवर थाप मारून हा निष्कर्ष काढला जातो. पण सीट बॉनेटवर बसत नाही. पद्मिनीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, सिल (दाराखालची पेटी) आणि मधला टनेल (फ्लोअरचा मधला लांब उंचवटा) मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. अशा फ्लोअरचा पत्रा साधारण २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिमी, आजच्या गाड्यांच्याच आसपास. त्याची ताकद जाडीत नसते, आकारात असते: टनेलचा उभा भाग, सिलची पेटी, आडवे क्रॉसमेंबर, दाबून काढलेल्या पन्हाळ्या. या सगळ्यांच्या मधे जो सपाट पत्रा उरतो तो सर्वांत कमजोर, आणि नव्या सीटच्या चार पायांपैकी निदान दोन हमखास तिथेच येतात. डालड्याच्या डब्याचं झाकण मधोमध दाबलं की टक्‌ करून आत जातं, तसाच तो पत्रा बसता-उठता वाजतो, आणि दर टक्‌बरोबर भोकाच्या कडेला चीर सरकत जाते.

शिवाय ही जाडी नव्या गाडीची. मुंबई-कोकणातले तीस-चाळीस पावसाळे काढलेल्या गाडीत रबरी मॅटखालच्या नमद्यात (जाड फेल्टमध्ये) पाणी मुरतं आणि पत्रा वरूनच खाल्ला जातो. वर रंग शाबूत, खाली अंडरकोट शाबूत, मधे पत्रा कागदासारखा, असं सर्रास आढळतं. म्हणून आधी नमदा पूर्ण काढा. सिलच्या कडेने, ड्रायव्हरच्या टाचेखाली आणि टनेलच्या कोपऱ्यात जाड पेचकस जोर लावून टोचा. तो आत गेला तर सीटचा विषय बाजूला ठेवून तिथे आधी नवा पत्रा घाला. गंजलेल्या पत्र्यावर पट्टी मारणं म्हणजे काम न केल्यासारखंच.

आता ‘मोठे वॉशर पुरतात’. इथे थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण सल्ल्याचा सगळा डोलारा याच्यावर उभा आहे.

समोरून धडक बसली की सीट पुढे झुकू पाहते आणि मागचे बोल्ट वर उपसले जातात; मागून कोणी ठोकलं तर पाठ मागे रेटली जाते आणि पुढचे बोल्ट उपसले जातात. सीटच्या मजबुतीच्या आंतरराष्ट्रीय नियमात २० जी, म्हणजे वजनाच्या वीसपट, इतका धक्का धरतात. सीटचं वजन १५ किलो असेल तर नुसत्या रिकाम्या सीटचा भार ३०० किलो झाला. पण खरी गोम बकलमध्ये आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत सीटबेल्टच्या पट्ट्याचं बकल फ्लोअरला नसतं, सीटच्या सांगाड्याला असतं. तीन-बिंदू पट्ट्याच्या चाचणीत मांडीवरच्या आणि छातीवरच्या भागाला प्रत्येकी १३,५०० न्यूटनने, म्हणजे सुमारे पावणेचौदाशे किलोच्या जोराने खेचतात. दोन्ही भागांचं एकेक टोक बकलला येत असल्यामुळे ढोबळ हिशेबाने पावणेचौदाशे किलोच बकलच्या वाट्याला येतात. तिथून ते आतल्या रेलमध्ये (सीट जिच्यावर सरकते ती पट्टी), आणि रेलमधून मुख्यतः आतल्या मागच्या बोल्टवर. भंगारातली सीट बकलसकट बसवली की माणसाचं वजनही त्या ०.९ मिमीच्या पत्र्याला टांगलं जातं.

बोल्ट हे सहन करतो. ८.८ ग्रेडचा (ताकदीची श्रेणी) एम-८, म्हणजे ८ मिमीचा बोल्ट दोन टनांहून जास्त ओढ घेतो. फाटतो तो पत्रा. ३० मिमी व्यासाच्या वॉशरखाली जेमतेम साडेसहा चौरस सेंटिमीटर जागा येते, आणि दीड मिमीचा वॉशर स्वतःच वाटीसारखा वाकून भोकातून वर निघतो. मोटरस्पोर्टमध्ये एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम स्पष्ट आहे: प्रत्येक सीटला किमान चार ठिकाणी ८ मिमीचे बोल्ट, आणि प्रत्येक ठिकाणी किमान ४० चौरस सेंटिमीटर, ३ मिमी जाडीची पोलादी पट्टी. वॉशर त्याच्या एक षष्ठांशही नाही.

त्यामुळे कमीत कमी उपाय असा: प्रत्येक बोल्टखाली ८० बाय ६० मिमीची, ३ मिमी जाडीची पट्टी. कोपरे गोल करा आणि कडांची धार घासून काढा, नाहीतर धक्क्यात हीच कड पत्रा कापते. ही पट्टी चारही बाजूंनी सलग वेल्ड करू नका. ३ मिमीला लागणारी उष्णता ०.९ मिमीच्या पत्र्याला भोक पाडते, आणि वेल्डलगत कडक झालेल्या रेषेवर पुढे तडा जातो. पट्टी फिरू नये इतपत दोन छोटे टाके पुरतात. कडेने सीलंट भरा.

त्याहून चांगला, आणि बकल सीटवर असेल तर आमच्या मते एकमेव उपाय म्हणजे आडव्या रेल. ४० बाय २५ मिमीची, २ मिमी जाडीची चौकोनी पाइप सिलच्या आतल्या भिंतीपासून टनेलच्या भिंतीपर्यंत, सीटच्या पुढच्या पायांखाली एक आणि मागच्या पायांखाली एक. दोन्ही टोकांना १.६ मिमी पत्र्याचे कान काढा, कानात ८ मिमीची भोकं पाडा आणि सीओटू वेल्डिंगने ती भोकं भरून कान भिंतींना जोडा. बोल्ट जिथून जाणार तिथे पाइपच्या आत जाड भिंतीची नळी आरपार घालून दोन्ही तोंडांना वेल्ड करायलाच हवी. ती नसेल तर बोल्ट आवळताना पोकळ पाइप चेपते, आणि आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्याभरात सैल होतो. जोडाच्या आत झिंक प्रायमर, काम झाल्यावर पोकळीत मेण, खालून अंडरकोट. फ्लोअरमधली पाणी निघण्याची भोकं झाकू नका.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असलंच पाहिजे. स्टेनलेसचा ए-२-७० गंजत नाही म्हणून लोक हौसेने वापरतात, पण त्याची ताकद ८.८ पेक्षा कमी आहे. एम-८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क, एम-१० ला ५० च्या आत, खाली नायलॉक (हादऱ्यांनी सैल न होणारा) नट. सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू सीटच्या आसपासही येता कामा नये. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट किंवा नट वेल्ड करू नका. धूर विषारी, आणि उष्णतेने बोल्टची ताकदही जाते.

‘कुठलीही बकेट सीट बसते’ हेही तितकंच घातक. मूळ गाडीत त्या सीटखालचा फ्लोअर सपाट नसतो; पुढचा पाय उंच क्रॉसमेंबरवर, मागचा खाली, आतला टनेलच्या उतारावर असतो. तशी सीट सपाट फ्लोअरवर आवळली की रेल पिळली जाते. मग सीट सरकत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे खटका एकाच बाजूचा लागतो आणि जोरात ब्रेक दाबल्यावर सीट पुढे धावते. चारही पाय न आवळता एका पातळीत टेकले पाहिजेत, दोन रेलमधलं अंतर पुढे-मागे एकसारखं हवं, कर्ण मोजून फरक २ मिमीच्या आत हवा. पाय कमी पडत असेल तर फासळी घातलेला ३ मिमीचा ब्रॅकेट बनवा. वॉशरची चळत कधीही नाही.

उंचीचं माप जुनी सीट काढण्याआधी घ्या: माणूस बसलेला असताना बूड फ्लोअरपासून किती वर, डोकं आणि छतामधे किती जागा, मांडी आणि स्टिअरिंगमधे किती. नवी सीट या मापांच्या १०-१५ मिमीच्या आत बसली पाहिजे; आडव्या रेलचे २५ मिमी या हिशेबात धरा. सीटचा मध्य स्टिअरिंगच्या रेषेत ठेवा. स्टिअरिंगच्या खांबावरच्या गिअरला हात फिरायला जागा लागते, म्हणून उंच कडांची सीट पद्मिनीत अडचणच करते. आणि पाठीच्या कडेला एअरबॅगची खूण असलेली सीट घेऊच नका. तिच्यात स्फोटक असतं, आणि ती उसवणं-शिवणं हे कुशनवाल्याचं काम नाही.

पट्ट्यांबद्दल सल्ला गप्प आहे, पण त्याच्या जोडीला ‘चार-बिंदू हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारे शर्यतीचे पट्टे) मागच्या फ्लोअरला बांधा’ असं सांगितलं जातं. तसं कधीही करू नका. खांद्यावरचे पट्टे सीटच्या पाठीमागून ४५ अंशांहून जास्त खाली गेले तर धडकेत ते खांदे खाली दाबतात आणि मणका चेपला जातो. रस्त्यावरच्या गाडीला तीन-बिंदू पट्टाच योग्य. त्याचा बोल्ट ७/१६ इंच, दर इंचाला २० आट्यांचा यूएनएफ (बारीक इंची आट्यांचा) असतो. त्याच्या नटात मेट्रिक बोल्ट कोंबायचा नाही. दारांमधल्या खांबात, सिलमध्ये आणि टनेलजवळ पट्टी घालूनच त्याला जागा करा. बकल टनेलच्या बाजूला घेतलं की सीटच्या रेलवरचा मोठा भार उतरतो.

दोन तास? नमदा काढून फ्लोअर घासायलाच तेवढे जातात. वरून ड्रिल मारण्याआधी गाडीखाली जाऊन पाहा: पेट्रोलची नळी मागच्या टाकीपासून पुढे येते, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सरचा पाइप याच भागातून जातात. आधी ३ मिमीचं भोक, खालून खात्री, मगच ८.५ मिमी. वेल्डिंगपूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, पेट्रोलची नळी बाजूला घ्या, अग्निशामक हाताशी ठेवा. चांगला डेंटर असला तरी दोन सीटना दोन दिवस धरा, गंज निघाला तर जास्त.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. आसनक्षमता हा त्याच तपशिलाचा भाग. पुढे तिघं बसतील अशी सीट काढून दोन बकेट बसवताना आरसीवरचा आकडा आधी पाहा. दुसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसेल तरच. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे पहिल्या गाड्या आता त्या वयाला आल्या आहेत. अशा गाडीचा फ्लोअर कापणं किंवा त्याला नव्या रेल वेल्ड करणं म्हणजे ती संधी घालवणं. तिच्यासाठी मूळ सीटच्याच भोकांना आवळता येईल अशी सुटी फ्रेम बनवा, बकल फ्रेमला न लावता बॉडीला घ्या, आणि मूळ सीट रेल-बोल्टसकट कोरड्या जागी ठेवा.

काम झाल्यावर एकाने सीटवर बसून पाठीने जोरात मागे-पुढे रेटायचं आणि दुसऱ्याने खालून टॉर्च धरून पाहायचं. पट्टीची कड पत्र्यापासून सुटताना दिसली किंवा पत्रा वाजला तर गाडी बाहेर काढू नका. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि दर पावसाळ्यानंतर पट्टीभोवती गंजाची लाल रेघ आली आहे का ते बघा. रेघ आली असेल तर तिथला सीलंट फुटला आहे. तो खरवडून, प्रायमर मारून नवा भरा.