‘दुहेरी तक्त्याला व्हीलुकअप पुरे’? मग पाच डझनीला चार डझनीचा भाव लागणारच

आंब्याच्या हंगामात देवगड-रत्नागिरीकडे एक्सेलमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो: “भावाच्या तक्त्यातून आकडा काढायला व्हीलुकअप पुरे. कॉलम मोजून नंबर टाका, शेवटचा फॉल्स नसला तरी चालतं, एरर आलीच तर इफएररमध्ये गुंडाळा. नाहीतर एक्सलूकअप घ्या, तो आता सगळीकडे आहे.” यातलं एकही वाक्य धड नाही. (व्हीलुकअप पहिल्या कॉलममध्ये नाव शोधून त्याच ओळीतल्या, तुम्ही सांगाल त्या नंबरच्या कॉलममधला आकडा देतो; एक्सलूकअप हा त्याचा नवा अवतार. शेवटचा फॉल्स म्हणजे ‘तंतोतंत तेच नाव शोध’, आणि इफएरर म्हणजे एररच्या जागी तुम्ही सांगाल ते दाखवणारा.)

दुहेरी तक्ता, म्हणजे डावीकडे नावं आणि वरच्या ओळीतही मथळे असलेला, असा धरा. ए२ ते ए५ मध्ये बाजार: कोल्हापूर, पुणे, वाशी, सांगली. बी१ ते एफ१ मध्ये पेटीतले डझन, ४ ते ८. मधे पेटीचा भाव.

“कॉलम मोजून टाका.” पाच डझनीसाठी तुम्ही ३ लिहिता. उद्या कोणी बाजाराच्या नावाशेजारी हमालीचा कॉलम घुसवला की सूत्रातला पट्टा (ए२ ते एफ५) आपोआप जीपर्यंत वाढतो, पण तुमचा ३ तिथेच राहतो आणि चार डझनीचा भाव उचलतो. एरर नाही, लाल खूण नाही. पेटीमागे ३०० रुपयांचा फरक असेल तर ४० पेट्यांच्या बिलात १२,००० चुकले. म्हणून ओळ आणि कॉलम दोन्ही नावाने शोधा. मॅच नाव कितव्या जागी आहे ते सांगतो (शेवटचा ० म्हणजे तंतोतंत जुळणी), इंडेक्स त्या ओळी-कॉलमवरचा आकडा देतो. एच२ मध्ये बाजार, एच३ मध्ये डझन:

=इंडेक्स($बी$२:$एफ$५, मॅच(एच२, $ए$२:$ए$५, ०), मॅच(एच३, $बी$१:$एफ$१, ०))

(सूत्र टाइप करताना अक्षरं, आकडे इंग्रजीच.) इथे एक घोळ नेहमीचा: मॅचचा पट्टा ए१ पासून आणि इंडेक्सचा बी२ पासून. मग पुण्याला वाशीचा भाव मिळतो, आणि सांगलीला #रेफ!, म्हणजे पट्ट्याबाहेरची जागा मागितल्याची एरर. दोन्ही पट्टे एकाच ओळीपासून सुरू करा.

वरच्या ओळीत ‘५ डझन’ असा मजकूर असेल तर ५ शोधून काही सापडणार नाही. आकडा ५ च ठेवा, ‘डझन’ फक्त फॉरमॅटने दाखवा. कंट्रोल-टी दाबून टेबल केलंत तर मथळ्यातले आकडे एक्सेल मजकुरात बदलतं; तेव्हा एच३ ऐवजी एच३&"" लिहावं लागतं.

“फॉल्स नसला तरी चालतं.” न लिहिल्यास व्हीलुकअप ‘जवळपास’ शोधतो, आणि मॅचमधला ० विसरलात तर तोही. यादीत मिरज नाही. तरी मिरज शोधलंत तर उत्तर येतं: पुण्याचा भाव! कारण अक्षरक्रमात मिरजेच्या अलीकडचं शेवटचं नाव पुणे. यादी क्रमाने लावलेली नसेल तर काय येईल याचा नेमच नाही.

‘जवळपास’ची जागा वेगळी आहे. गाडीभाड्याच्या तक्त्यात ओळी १, ५१, १०१, २०१ पेट्या आणि वर शहरं असतील तर ७३ पेट्यांना ५१ ची ओळ हवी. तिथे ओळीच्या मॅचला १, शहराच्या मॅचला ०. ओळी मात्र चढत्याच क्रमात.

“इफएररमध्ये गुंडाळा.” मग एररच्या जागी ० लिहिलेलं असेल आणि ‘वाशी’पुढे चुकून स्पेस पडली तर भाव शून्य, आणि बिल तसंच पुढे जातं. फार तर इफएनए (फक्त ‘सापडलं नाही’ ही एरर झाकणारा) वापरा आणि शून्याऐवजी ‘नाव तपासा’ लिहा, #रेफ! दिसू दे, ती सूत्रातली चूक आहे. जादा स्पेस काढायला ट्रिम आहे, पण वेबवरून चिकटवलेल्या मजकुरातली १६० कोडची स्पेस ट्रिमला दिसत नाही. ती सब्स्टिट्यूटने काढावी लागते. सगळ्यांत बरं, नावं डेटा व्हॅलिडेशनच्या यादीतून निवडायला लावा.

“एक्सलूकअप सगळीकडे आहे.” नाही. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये तो नाही; २०२१ आणि ३६५ मध्ये आहे. गुगल शीट्समध्येही मिळतो. असेल तिथे बेधडक वापरा, काम छान करतो:

=एक्सलूकअप(एच२, ए२:ए५, एक्सलूकअप(एच३, बी१:एफ१, बी२:एफ५))

पण ही फाइल जुन्या मशीनवर उघडली की आधीचा आकडा तसाच दिसतो, सगळं ठीक वाटतं. सूत्राच्या सेलमध्ये जाऊन एंटर मारला की #नेम?, म्हणजे ‘हे फंक्शन ओळखीचं नाही’.