शाळा नको, पत्ता बघा

अमेरिकेत नव्याने स्थायिक होणाऱ्या आईबापांनो, इथलं शालेय शिक्षण फुकट असतं. त्या फुकट शाळेच्या हद्दीत घर घ्यावं लागतं, एवढंच. पुण्यात महापालिकेच्या शाळेकडे कधी ढुंकून न पाहिलेले आपण इथे सरकारी शाळेपायी ३० वर्षांचं कर्ज काढतो. तेव्हा न्यू जर्सीत घर बघताना स्वयंपाकघर, तळघर सगळं नंतर. आधी मोबाइलवर शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते बघा. आठाच्या खाली दिसले तर गाडीतून उतरूसुद्धा नका.

शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा तिथल्याच घरपट्टीतून येतो. घरं महाग म्हणून पट्टी भरघोस, पट्टी भरघोस म्हणून शाळा चांगली, शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. एकदा आत शिरलात की या व्यवस्थेला नावं ठेवू नका.

गरीब वस्तीने जास्त कर भरावा की, असं कुणी म्हणालंच तर टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओचा विषय टाळा. तिथल्या एजवुडमधली बहुतांशी मेक्सिकन वंशाची कष्टकरी माणसं १०० डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर शाळा-कर भरत होती, अ‍ॅलामो हाइट्समधली सुखवस्तू मंडळी ८५ सेंट. तरी १९६७-६८ साली एजवुडच्या हाती मुलामागे स्थानिक करातले २६ डॉलर आले आणि अ‍ॅलामो हाइट्सच्या ३३३. मग ही दरी बुजवायला राज्य सरकार धावलं. एजवुडला मुलामागे २२२ डॉलर दिले, अ‍ॅलामो हाइट्सला २२५. श्रीमंताघरी जन्मली म्हणून त्या लेकरांना वाऱ्यावर थोडंच सोडायचं?

१९६८ साली एजवुडची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना परत पाठवलं: शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. झालं, मिटलं.

न्यू जर्सीच्या न्यायालयाचं मात्र डोकं फिरलेलं. नेवार्क, कॅमडेनसारख्या गरीब शहरांतल्या मुलांवरही श्रीमंत उपनगरांइतका खर्च करा, असं त्याने १९९० मध्ये बजावलं. मंडळाच्या गणपतीत हा विषय निघाला, तर ‘नुसते पैसे ओतून शाळा सुधारत नाहीत हो’ हे वाक्य तोंडपाठ असू द्या. आपल्या शाळेच्या रोबोटिक्स लॅबसाठी मतदान असेल त्या दिवशी ते विसरायचं. ‘आम्ही आमच्या मेहनतीवर इथवर आलो’ हेही सांगा. सरकारी कॉलेजात नाममात्र फी भरून इंजिनिअर झालो, हा तपशील मोदकाबरोबर गिळून टाका.

आणि पत्त्याची लबाडी अजिबात नको. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या एका आईने मुलींना शेजारच्या चांगल्या शाळेत घालायला त्यांच्या आजोबांचा पत्ता दिला. २०११ साली तिला तुरुंगाची हवा खावी लागली. निम्म्याहून जास्त बँकेचं असलेलं घर मात्र बिनधास्त ‘आमचं’ म्हणून अर्जावर लिहा, त्याला कुणाची हरकत नसते.