कॅश जास्त म्हणून लॅपटॉप फास्ट? जरा थांबा

बारावीचे निकाल लागले की आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर लॅपटॉपचे फॉरवर्ड सुरू होतात. यंदाचा असा: बाकी काही बघू नका, फक्त कॅश मेमरी (प्रोसेसरच्या चिपवरची छोटी पण झटपट मेमरी) बघा, जेवढी जास्त तेवढा वेग, कंपन्या कंजूषपणा करून सगळ्यात आतली कॅश ३२ केबीच ठेवतात, खरं तर सगळी रॅमच कॅशची हवी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे वाचून भाचीसाठी ठरवलेला लॅपटॉप रद्द करायला काढला, म्हणून हा खटाटोप.

‘जेवढी जास्त तेवढा वेग.’ अप्पा बळवंत चौकातलं दुकान डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये खपणारी पुस्तकं काउंटरवर, बाकीची माळ्यावर. मालक मान न वळवता बारावीचं फिजिक्स काढून देतो. काउंटर दहापट लांब केला तर माळ्यावरच्या खेपा कमी होतील, पण प्रत्येक पुस्तकासाठी मालकाला चालावं लागेल. चिपमध्येही हेच: काउंटर म्हणजे कॅश, माळा म्हणजे रॅम. म्हणून तर कॅशची एल-१ (सगळ्यात आतली, छोटी), एल-२, एल-३ (मोठी, हळू) अशी उतरंड असते. एल-१ चार-पाच सायकलमध्ये (सायकल म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका) माल देते. रॅमपर्यंत गेलात तर शेकडो सायकल. इंटेलने २०१९ च्या आइस लेक प्रोसेसरमध्ये एल-१ डेटा कॅश ३२ ची ४८ केबी केली, तर चारऐवजी पाच सायकल लागू लागल्या. जुन्या मंडळींना १९९८ चा इंटेलचा स्वस्त प्रोसेसर सेलेरॉन ३००ए आठवेल. त्याची एल-२ फक्त १२८ केबी, पण प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी. इंटेलच्याच महागड्या पेंटियम टूची ५१२ केबी, पण अर्ध्या वेगाची. बऱ्याच कामांत हा स्वस्तातला गडी महागड्यांच्या पंगतीत बसला.

मोठी कॅश फुकट जाते असंही नाही. एएमडीच्या ५८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये (२०२२) एल-३ ३२ ची ९६ एमबी झाली आणि कित्येक गेम्स सुसाट पळाले. पण कमाल क्लॉक (घड्याळाच्या ठोक्यांचा वेग) ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आलं, आणि ज्या कामांचा डेटा आधीच कॅशमध्ये मावत होता तिथे फायदा शून्य.

‘कंजूषपणा’ हा आरोप मला सगळ्यात खटकला. प्रोग्रॅमचा मेमरीतला पत्ता आभासी असतो, तो रॅमच्या खऱ्या पत्त्यात बदलावा लागतो. हे भाषांतर पानापानाने, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांनी होतं. पानं ४ केबीची असतील, तर पत्त्याचे शेवटचे १२ बिट बदलत नाहीत, भाषांतराआधीच हातात असतात. तेवढ्यावर शोध सुरू करायचा, तर कॅशच्या एका ‘वे’मध्ये (एकाच वेळी तपासल्या जाणाऱ्या समांतर भागांपैकी एकात) ४ केबीच बसतात. आठ वे, ३२ केबी. ४८ हवी तर बारा ठिकाणी एकदम ताडून बघा, वीजही जाळा. ॲपलच्या एम१ चिपमध्ये पान १६ केबीचं, म्हणून तिथे १२८ केबी जमली.

सगळी रॅम कॅशची? कॅशमध्ये एका बिटाला साधारण सहा ट्रान्झिस्टर लागतात, रॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. किंमत तुम्हीच लावा. शिवाय एवढी मोठी झाली की तीही माळाच.

काकांना मी घरी बोलावून एक प्रयोग दाखवला. ४०९६ बाय ४०९६ ची मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता), प्रत्येक आकडा ८ बाइटचा, सगळ्यांची बेरीज. ओळीने चाललं की ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये (कॅश एका वेळी उचलते तो तुकडा) आठ आकडे एकदम येतात. उभं चाललं की दर पावलाला ३२ केबीची उडी, आणि बहुतेक उड्या एल-१ च्या त्याच त्या खान्यात. आलेली लाइन वापरायच्या आतच बाहेर. बेरीज तीच, लॅपटॉप तोच. उभं चालताना काकांनी मधेच विचारलं, “अडकला का रे?”

जाता जाता त्यांनी मोबाइलचं ‘क्लिअर कॅश’ दाबून ही वाढते का, तेही विचारलं. नाही हो काका. त्या स्टोरेजमधल्या फायली, फक्त नाव एक.