अर्थशास्त्र घ्यायचंय? मग अकरावीत गणित सोडू नका

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला : नीटला किती? लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये वर्षं घालून, बापाचे पैसे संपवून आलेली लेकरं मग बीएच्या खिडकीवर उभी राहतात आणि म्हणतात, "सर, एमपीएससीला कामाला येईल असा विषय द्या." इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. झालं, फॉर्म भरला.

मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्रच शिकवतो, म्हणून चिडून लिहितोय. संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या गेटवर 14 जानेवारीला, नामविस्तार दिनाला, जी गर्दी होते, ती ज्यांच्या नावासाठी, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1915 साली कोलंबियातून अर्थशास्त्रात एमए केलं आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधावर लंडनची डीएस्सी मिळवली. आणि त्यांच्या नावाच्या विद्यापीठाखालच्या कॉलेजांत हा विषय उरलासुरला म्हणून घेतला जातो.

खरं तर आमच्या पोरांना तो सोपा जायला हवा. परवा वर्गात एका मुलानं घरच्या सोयाबीनच्या विक्रीची पट्टी, म्हणजे आडतीवरची पावती, आणली होती. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 असताना ह्या पट्टीवर भाव कमी का, यावर तासभर वाद झाला. हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची अट, बारदान्याची वाट बघणं, आणि इकडं दुकानदाराची उधारी दारात. मागणी-पुरवठ्याची आकृती न काढता पोरं स्वतःच बोलत होती की थांबायची ऐपत ज्याच्याकडं, भाव त्याचा. पुस्तकातून हे शिकवायला मला चार तास लागले असते.

पण पुढचं शिक्षण नुसत्या अनुभवावर होत नाही, तिथं गणित लागतं. आणि कला शाखेला गणित नसतंच, असं आपण पोरांना सांगून ठेवलंय. बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर चक्क 'कला व विज्ञान' असं छापलेलं आहे, बघा एकदा. विषय आहे, परीक्षा आहे. फक्त गावाकडच्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजात कलेला तो शिकवायला कोणी नसतं, आणि मास्तर नाही म्हणून मागणारं पोरगं नाही. (संस्थाचालकांना हे सांगायला गेलो तर "एका पोरासाठी तुकडी काढू का?" तेही आपल्या जागी बरोबरच म्हणा.)

ह्याची किंमत पुढं कळते. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स अर्थशास्त्राला सीयूईटी ह्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. पदवीनंतरच्या प्रवेशासाठी असलेल्या आयआयटीच्या 'जाम' परीक्षेत आता अर्थशास्त्राचा पेपर असतो, त्यातही गणित आणि संख्याशास्त्र आहे. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, जागा मोजक्याच, आणि पेपरात संख्यात्मक पद्धती असतातच. रिझर्व्ह बँकेनं 1987 साली मुंबईत काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची 1930 सालची गोखले संस्था, ह्या काही परदेशात नाहीत. पण आमच्याकडच्या किती पोरांनी त्यांचा फॉर्म भरलेला बघितलाय?

संभाजीनगरला किंवा नांदेडच्या विद्यापीठात एमए करण्यात कमीपणा काहीच नाही. नेट-सेट काढून प्राध्यापक होता येतं, फक्त भरतीची वाट बघत केस पांढरे होतात, हे मी आरशात रोज बघतो. ज्याला शेतीतच रस आहे त्यानं बीएस्सी ॲग्री करून परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अर्थशास्त्राकडं जावं. बीकॉमवाल्यालाही एमए अर्थशास्त्र करता येतं. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर एमए एका वर्षात होतं, तेवढं कॉलेजात नीट विचारून घ्या.

कलेला गणित मिळतच नसेल तर सरळ विज्ञानाला जा, गणित ठेवा, बीएस्सी गणित-संख्याशास्त्र करा आणि मग अर्थशास्त्राकडं वळा. हा रस्ता अगदी रुळलेला आहे. बाप "खर्च किती?" म्हणाला तर त्याला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेबद्दल सांगा. तिथं अर्थशास्त्राच्या एमएसला शिकवणीची फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. प्रवेश परीक्षा मात्र गणितानंच भरलेली असते.