हजार रुपड्यांसाठी जिवंत असल्याचा दाखला

"पेन्शन मिळते ना, मग रडता कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा ईपीएस-९५ वाल्या, म्हणजे पीएफसोबतच्या कामगार पेन्शन योजनेतल्या म्हाताऱ्याचं पासबुक उघडून बघावं. एसटीत कंडक्टर, साखर कारखान्यात फिटर, सूतगिरणीत कामगार म्हणून हाडं झिजवलेली माणसं ही. किमान पेन्शन महिना १,००० रुपये, आणि हा आकडा ठरला सप्टेंबर २०१४ मध्ये! तेव्हापासून डाळ, तेल, गॅस कुठे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. महागाई भत्ता या योजनेत नाहीच. सरकारी पेन्शनरचा भत्ता वर्षातून दोनदा हलतो. यांची रक्कम निवृत्तीला ठरते आणि सरणापर्यंत तीच राहते.

रक्कम एवढी फुटकळ का, याचा हिशेबच बघा. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, सरकार १.१६ टक्के घालतं. पण पगार कितीही असला तरी बहुतेकांचा हिशेब ठरावीक मर्यादेवरच होतो. ती मर्यादा २००१ पासून ६,५०० होती, २०१४ ला १५,००० झाली. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०, एवढंच सूत्र. योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. त्या दिवसापासून धरून २०१३ च्या नोव्हेंबरात बाहेर पडलेल्याची १८ वर्षं होतात. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. ९५ च्या आधी राबला असेल त्याचं वेगळ्या तक्त्याने काहीतरी किडूकमिडूक. २०१४ ला मर्यादा वाढवली तेव्हा त्याच फटक्यात पेन्शनपात्र पगाराची सरासरी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची केली. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं.

आणि हे कोणाला कळलं नव्हतं अशातला भाग नाही. २०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपये आणि वर महागाई भत्ता द्या असं लिहून दिलं. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल होऊन आले आणि गेलेही. अहवाल आहे तिथेच आहे.

बरं, दवाखान्याचं काय? या पेन्शनसोबत औषधाची एक गोळी मिळत नाही. सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड सत्तरीनंतर. निवृत्ती ५८ ला. मधली बारा वर्षं दुखणी थांबतात का? महात्मा फुले योजना आहे, पण या दोन्ही योजना मुळात भरती होणाऱ्यासाठी. बीपी, शुगरची रोजची गोळी त्यात बसत नाही, आणि म्हाताऱ्यांचा खिसा रिकामा होतो तो त्याच गोळ्यांनी. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा विमा निदान ५ वर्षं असताना वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून नवराबायकोचे उपचार चालू ठेवता येतात. किती कंपन्या हे निरोप समारंभात सांगतात? नारळ आणि शाल देतात, हा कागद देत नाहीत!

आता दरवर्षीचा तमाशा, हयातीचा दाखला. ईपीएसवाल्याला सरकारी पेन्शनरसारखा नोव्हेंबरच गाठायची गरज नाही, दाखला दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो. तरी नोव्हेंबरात रांगा, कारण हे सांगायला कोणाला वेळच नाही. यंत्रावर अंगठा उमटत नाही. कसा उमटेल? तीस वर्षं कारखान्यात घासून रेषाच गेल्यात. अशा वेळी दहाही बोटं लावून बघायची, नाही जमलं तर चेहऱ्यावरून करायचं. त्यासाठी मोबाइलमध्ये जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन्ही ॲप लागतात. आधी मोबाइलवाल्याचा चेहरा, मग पेन्शनरचा, तोंडावर उजेड हवा. पोस्टमन घरी येऊन करून देतो, पण दाखला काढून देणारे केंद्रवाले हे सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बुडेल. त्यात पेन्शन देणारी संस्था म्हणून ईपीएफओ (पीएफ संघटना) निवडायचं सोडून बँकेचं नाव दाबून मोकळे होतात. प्रमाण क्रमांकाचा मेसेज आला की म्हातारा निर्धास्त घरी. दाखला मात्र मागे फेटाळला जातो आणि पेन्शन बंद पडल्यावर कळतं! म्हणून मेसेजवर विसंबू नका, आठवड्याभराने स्वीकारला की नाही ते तपासा.

विधवेचे हाल तर विचारूच नका. नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मे, आणि तेवढ्यासाठी ८२ वर्षांच्या आजीला दरवर्षी त्या फॉर्मवर प्रश्न: पुनर्विवाह केला आहे का? केंद्रातल्या पोराने घाईत "हो" दाबलं, की आजीने पुढचे महिने पीएफ ऑफिसच्या पायऱ्या चढत सांगत बसायचं, की नाही रे बाबा, नाही केलं लग्न.