रात्री फोन वाजू नये म्हणून

मे महिन्यात सोलापुरात मध्यरात्रीनंतर माळवदावर कुठे जरासा वारा सुटतो, दोनच्या सुमारास डोळा लागतो, आणि नेमका त्याच वेळी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील कार्यालयाचा सर्व्हर बंद पडल्याचा संदेश येऊन उशाखालचा फोन थरथरू लागतो. टॉवेल-चादरींच्या निर्यातीचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकांवर देखरेख करण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडले आहे, अशा माझ्या व्यवसायबंधूंना या दुःखाचे वर्णन ऐकवण्याची गरज नाही. त्यांना झोप हवी आहे, आणि झोपेची सोय देखरेखीच्या प्रणालीतच करून ठेवलेली आहे.

एथन गॅलस्टाड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने आणलेली आणि २००२ पासून नॅगिओस म्हणून ओळखली जाणारी प्रणाली आपण वापरत असाल, तर तिच्यात इव्हेंट हँडलर नावाची सोय आहे. सेवेची, म्हणजे सर्व्हरवर सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, स्थिती बदलली की प्रणाली आपण लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी यादी, स्वतःच चालवते. बिघाड दिसला की सेवा पुन्हा सुरू करावी, एवढे त्या स्क्रिप्टला सांगून ठेवले की आपण उशी पालटून झोपावे.

मात्र स्क्रिप्ट कधी धावावी, हे ठरवताना जुन्या जाणत्यांचे ऐकू नये. एखादी तपासणी फसली की नॅगिओस लगेच बोंब मारत नाही. ठरवून दिलेल्या संख्येइतक्या वेळा पुन्हा तपासून पाहते. तोवरच्या बिघाडाला सॉफ्ट म्हणतात, आणि सगळे प्रयत्न संपले की तो हार्ड होतो. माणसाला संदेश जातो तो हार्ड झाल्यावरच. स्क्रिप्ट मात्र सॉफ्ट अवस्थेतही धावते. प्रणालीच्या माहितीपुस्तिकेतील नमुन्यात चार प्रयत्न धरलेले आहेत आणि सेवा तिसऱ्या प्रयत्नानंतर पुन्हा सुरू केलेली आहे, कारण क्षणभराची अडचण असेल तर ती तोवर आपोआप निवळेल, असे लिहिणाऱ्याला वाटले असावे. इतका धीर आपण धरू नये. पहिल्याच प्रयत्नाला सेवा पाडून उभी करावी. असे केल्याने बिघाड कधी हार्ड होतच नाही, म्हणून संदेश कधी जातच नाही, आणि महिनाअखेरीच्या अहवालात सगळ्या चौकोनांचा रंग हिरवागार राहतो. मालकांना तो रंग फार आवडतो.

या बाबतीत आपल्या गावचा यंत्रमाग मात्र अगदीच मागासलेला म्हणावा लागेल. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला की तो माग आपोआप थांबतो, आणि कामगाराने येऊन धागा जोडून देईपर्यंत थांबूनच राहतो. तुटक्या धाग्यानिशी तो तसाच खडखडत राहिला असता, तर उत्पादनाचे आकडे किती देखणे दिसले असते! माग बनवणाऱ्यांना हे सुचले नाही. आपल्याला सुचले, हे आपले भाग्य.

पुढचा प्रश्न अधिकारांचा. नॅगिओसची स्क्रिप्ट नॅगिओसच्याच वापरकर्त्याच्या अधिकारात चालते आणि त्या गरिबाला अपाचे किंवा टॉमकॅट हे वेब-सर्व्हरचे प्रोग्रॅम पुन्हा सुरू करण्याची परवानगी नसते. नियमाने पाहता त्याला सुडोच्या, म्हणजे दुसऱ्याच्या अधिकारात आज्ञा चालवू देणाऱ्या सोयीच्या, फाइलमध्ये नेमकी तेवढीच एक आज्ञा लिहून द्यावी लागते, आणि ती लिहायला पाच मिनिटे लागतात. पाच मिनिटे कोणाकडे आहेत? सर्व आज्ञा, विनापासवर्ड, असे लिहून मोकळे व्हावे. झॅबिक्स या दुसऱ्या देखरेख-प्रणालीचा एजंट, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर बसवलेला तिचा मदतनीस प्रोग्रॅम, तर बाहेरून आलेल्या आज्ञा चालवायला मुळातच नकार देत बसलेला असतो. त्यालाही तसेच समजावून टाकावे. उद्या देखरेखीचा सर्व्हर कोणी ताब्यात घेतला, तर त्याला इतर सर्व्हर वेगळे फोडत बसावे लागणार नाहीत, एवढा पाहुणचार आपल्याकडून घडेल.

डिस्क भरल्याच्या इशाऱ्यावर जुन्या लॉग फाइली, म्हणजे प्रोग्रॅमांनी केलेल्या नोंदींच्या फाइली, पुसणारी स्क्रिप्ट प्रत्येकाने लिहावीच. मीही लिहिली होती. लिनक्समध्ये एखाद्या चालू प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली फाइल पुसली, तरी तो प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. त्यामुळे माझ्या स्क्रिप्टने सगळ्यात मोठी फाइल पुसली, डिस्क भरलेलीच राहिली, पुढच्या तपासणीला तिने दुसरी पुसली, मग तिसरी, आणि सकाळी डिस्क काठोकाठ भरलेली असताना बिघाडाचे कारण सांगू शकेल असा एकही लॉग उरला नाही. चौकशी त्यामुळे फार लवकर आटोपली.

सर्व्हर कोणत्या स्विचच्या, म्हणजे यंत्रांच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीच्या, मागे आहे, हे नॅगिओसला सांगून ठेवण्याचीही सोय आहे. स्विच पडला तर त्यामागची यंत्रे बंद पडलेली नसून फक्त पोहोचेनाशी झाली आहेत, हे तिला त्यावरून कळते. ही माहिती भरू नये. मग पाण्याच्या पाइपलाइनसाठी कोणी रस्ता खोदला, खोदताना कार्यालय आणि गोदाम यांमधली केबल तुटली, की पलीकडची सगळी यंत्रे एकाच वेळी मेली असे समजून स्क्रिप्ट एकामागून एक सर्वांना पुन्हा सुरू करायला धावते. केबल तुटलेली असल्याने ती तिथवर पोहोचत नाही, हीच काय ती आपल्या बाजूची गोष्ट. मोबाइल डेटावर चालणारी पर्यायी जोडणी असेल, तर मात्र ती पोहोचते.

टॉमकॅटला उठायला चाळीस सेकंद लागतात आणि नॅगिओस, मूळ मांडणी बदलली नसेल तर, तीस सेकंदांनंतर स्क्रिप्टचाच गळा धरते, असल्या बारकाव्यांत शिरण्याचे कारण नाही. सेवा सारखी पडत-उठत असेल, तर प्रणाली ती फडफडते आहे हे ओळखून तशी खूण करते. ती खूण दिसणे बंद करता येते.

आता एक अनुभव सांगतो. एका निर्यातदाराकडे मी लावलेली स्क्रिप्ट चार महिने निमूटपणे काम करत होती. टॉमकॅटची मेमरी हळूहळू गळत होती, म्हणजे वापरलेली जागा तो परत सोडत नव्हता; ती भरली की स्क्रिप्ट त्याला झोपवून उठवत होती, आणि देखरेखीच्या फलकावर हिरव्याशिवाय दुसरा रंग नव्हता. एकदा दुपारी मी सहज बिले करणाऱ्या काकांच्या टेबलाशी थांबलो. त्यांनी माउस दोनदा बदलून घेतला होता आणि तिसऱ्याची मागणी केली होती.

“काय होतंय काका?”

“काय न्हाई साहेब, अर्धं बिल भरलं की पडदा पांढरा होतोय. रोज चारच्या सुमाराला. म्हणून मी आता त्या टायमाला चहाला जातो, आन आल्यावर परत पयल्यापासून भरतो.”

चार महिन्यांत त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, कारण संगणक चांगला चालला आहे असे साहेबांच्या फलकावर त्यांनी स्वतः पाहिले होते. मेमरी का गळते, हे शोधायला मला पुढे दीड दिवस लागला. दोष एका अहवालात होता, जो डेटाबेसची जोडणी उघडायचा आणि बंद करायला विसरायचा. हा दीड दिवस पहिल्याच आठवड्यात द्यावा लागला असता. स्क्रिप्टमुळे तो चार महिने लांबवता आला, आणि तेवढ्या काळात काकांची चहाची वेळही ठरून गेली.

स्क्रिप्टने केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद वेळेसह एखाद्या फाइलमध्ये करावी, एका तासात तीनदा सेवा उठवावी लागली तर उठवणे थांबवून माणसाला हाक मारावी, असे काही सहकारी सुचवतील. त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवावा. हाक मारायची वेळ आली तर ती त्यांनाच मारता येईल. आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचे नाव व तारीख टाकण्याची जी प्रथा आहे, ती आपण मुळीच पाळू नये.